पुलाच्या अलीकडे

उकळत्या बटाट्यांचं पातेलं शेगडीवरून सरकायला लागलं, तसं तिने दोन्ही हातांत फडकी घेऊन ते धरलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की बोट थांबली आहे. धक्का असा बसलाच नव्हता. तळाखालून काहीतरी मऊ घासत गेलं, फळीवरच्या ताटल्या पुढे झुकल्या, बस्स. इंजिन मात्र चालूच होतं आणि चालूच राहिलं, म्हणून ती पातेलं बेसिनमध्ये ठेवून शिडीने वर धावली.

वर तिचा नवरा सुकाणूपाशी बसला होता. एक हात चाकावर, नजर समोर. मागे पंख्याने ढवळलेला काळा चिखल पाण्यावर येत होता आणि बोट तरीही पुढेच रेटली जात होती.

"अहो, बंद करा ते."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पण जागचा हलला नाही. तिनेच वाकून गिअरची दांडी मागे ओढली. इंजिन उलटं फिरलं, चिखल मागून पुढे आला, बोट होती तिथेच राहिली, तेव्हा तिने ते बंद केलं.

"लागली वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं काय? चांगली रुतलीय."

हा गाळाचा पट्टा काही लपलेला नव्हता. खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता, आणि ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी पाण्यात भला उंच तांबडा खांब उभा होता. आत येताना खांब डाव्या हाताला ठेवायचा, संपलं. तिच्या नवऱ्याला तर खांबाचीही गरज नव्हती. जन्मभर बसच्या डेपोत इंजिनं उघडून निवृत्त झाल्यावर त्याने राहतं घर विकलं आणि ही जुनी लाकडी बोट घेतली, तेव्हा नातेवाइकांनी दोघांनाही वेड्यात काढलं होतं. त्याने फळी न् फळी उघडून बोट पुन्हा उभी केली. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेल्या तिने शिडं शिवली. तेव्हापासून बेटं आणि किनारा यांच्या मधल्या ह्या पाण्यातून दोघं वर-खाली फिरत होते. ह्या बंदरात कोणाचं इंजिन बघ, त्या बंदरात कोणाची ताडपत्री शिवून दे. एवढ्या वर्षांत बोट एकदाही कुठे लागली नव्हती, आणि ह्याबद्दल तो चारचौघांत जरा जास्तच बोलायचा.

आणि लागली ती आज. आजचा दिवस सोडून कधीही लागती तरी चाललं असतं.

समोर, पुलावरची माणसं ओळखू येणार नाहीत पण त्यांच्या छत्र्यांचे रंग दिसतील इतक्या अंतरावर, जुना पूल होता. त्याची मधली दोन पाती वर उचलली जायची आणि उंच डोलकाठीच्या बोटी मधून निघून जायच्या. तेवढ्या वेळात रस्त्यावरच्या गाड्यांची रांग गावाबाहेर पोचायची. लोक कावले, तक्रारी झाल्या, आणि ती पाती कायमची जोडून टाकायचं ठरलं. आज ऊन उतरेपर्यंत पूल शेवटचा उघडा राहणार होता. ज्यांना आत यायचंय त्यांनी आत यावं, बाहेर जायचंय त्यांनी बाहेर जावं. पुलापलीकडे गाव होतं, गावात मोठा दवाखाना, आणि त्या दवाखान्यात ह्यांची लेक परिचारिका होती. तिने खटपट करून धक्क्यावर बोटीला कायमची जागा मिळवली होती, दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी.

जागा हवी होती ती त्याच्यासाठी. त्याचं हृदय मधूनच ठोका चुकवत होतं. छातीत यंत्र बसवावं लागेल, डॉक्टर म्हणाले, तारीख मिळेपर्यंत आणि त्यानंतरही जवळपास राहा. "कधी शुद्ध हरपली होती का?" हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. तसं एकदा जरी झालं तर तारखेची वाट बघायची नाही, आडवं निजवून तडक घेऊन यायचं, असं त्यांनी सांगितलं. हे त्याला नाही, तिला बाजूला घेऊन सांगितलं.

आत गेलं की बोट पुन्हा बाहेर पडणार नव्हती, हे उघडच होतं. पण निदान बोटीवर राहता आलं असतं. पूल हुकला तर एकतर बोट सोडून लेकीच्या दोन खोल्यांत जायचं, नाहीतर दवाखान्यापासून लांब, बाहेर राहून देवाच्या भरवशावर दिवस काढायचे. हे ती त्याला उन्हाळाभर समजावत होती.

"बांधून ठेवलेली बोट म्हणजे खुंटीवरचा शर्ट," तो म्हणायचा. "दिसायला शर्ट, पण आत माणूस नाही."

आणि मग एके दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "बरं, जाऊ आत." भाजीतल्या मिठावरून तासभर वाद घालणारा माणूस एका वाक्यात कबूल झाला. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. आज सकाळी ती म्हणाली, सुकाणू मी धरते. तर म्हणाला, "उद्यापासून बसूनच राहायचंय. आज तरी राहू दे माझ्याकडे." तिला नाही म्हणवलं नाही.

"ओहोटी लागलीय," ती आता म्हणाली. "पाणी उतरायच्या आत काढायला हवी. उठा."

तो उठला, पण कठड्याला धरून.

तिने मागची छोटी होडी सोडली, तिच्यात दुसरा नांगर घेतला आणि वल्ही मारत खोल पाण्यापर्यंत नेऊन टाकला. त्याचा दोर बोटीवरच्या रहाटाला गुंडाळून फिरवत राहिलं की बोट हळूहळू नांगराकडे ओढली जाते. त्यानेच तिला हे शिकवलं होतं. ती परत येईपर्यंत त्याने दोर गुंडाळून ठेवला होता, पण रहाट फिरवत नव्हता. हँडल हातात धरून नुसता उभा होता.

"फिरवा ना."

"फिरवतो."

दोनचार फेरे झाले आणि तो थांबला. तिने हँडल त्याच्या हातातून घेतलं. हे काम त्याच्या छातीला झेपणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण निदान तोंडाने तरी काही सांगावं, डावीकडे, उजवीकडे, थांब, ओढ. एरवी नांगर टाकताना त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुरू व्हायचा की शेजारच्या बोटीवरचेही कामाला लागायचे. आज तो मूग गिळून बसला. दोर ताणला गेला, कुरकुरला, आणि गाळात बसलेला नांगरच सुटून बोटीकडे आला.

तेवढ्यात एक मासेवाला आपली बोट घेऊन बाहेरून आत निघाला होता, तो वळून जवळ आला. दोघांनाही चांगलं ओळखणारा.

"काका, तुम्ही? आणि इथं?" त्याला हसावं की काय ते कळेना. "तांबडा खांब कुठल्या हाताला ठेवायचा ते मला तुम्ही शिकवलंत."

"होतं कधीकधी," नवरा म्हणाला.

मासेवाल्याने दोर बांधला आणि जोर लावला. बोटीचं तोंड जरासं फिरलं, आणि मग काहीच झालं नाही. त्याने पुन्हा ओढलं. लाकडातून असा आवाज निघाला की तिनेच हात वर केला.

"मावशी, पाणी झरझर उतरतंय," तो म्हणाला. "आणखी ओढली तर कडी हातात येईल, बोट नाही यायची. आता रात्रीच्या भरतीशिवाय काही खरं नाही."

"रात्री पूल बंद असेल."

मासेवाल्यालाही आत जायचं होतं, त्याचं घर आत होतं. दोर सोडताना त्याने तो उगाचच नीट वेटोळं करून तिच्या हातात दिला आणि तो पुलाकडे निघून गेला.

एकेक बोट जात होती. पाती वर उचललेली होती, पुलावर बघ्यांची गर्दी होती, आणि प्रत्येक बोट आत गेली की भोंगा वाजायचा. इकडे पाणी उतरेल तशी हिची बोट एका अंगाला कलत चालली होती. आत कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि डबे एकामागून एक खाली आले. ती आत गेली, डबे उचलले, दाराला दोरी बांधली, बटाटे वेचले. तिरप्या घरात उभं राहायचं तर एक पाय भिंतीवर ठेवावा लागत होता. पाण्याची टाकी रिकामी केली तर बोट हलकी होईल, असं तिला वाटलं, आणि तिने नळ उघडून सगळं गोडं पाणी वाहून जाऊ दिलं. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

वायरलेस खरखरला. पूलवाला होता.

"वहिनी, निघते का?"

"थोडं थांबा. कृपा करा."

"मी थांबलोच असतो हो. पण वेल्डिंगवाले डोक्यावर येऊन बसलेत. थोडा वेळ काढतो, कुठलंतरी बटण अडकलंय म्हणून सांगतो. तुमची मुलगी इथंच उभी आहे माझ्यापाशी."

ती वर आली. गाळ आता उघडा पडला होता, त्यावर पक्षी उतरून आरामात टोचा मारत होते. तिच्या कोपरापर्यंत चिखल, केसांत चिखल. आणि तो तिथेच, कललेल्या बाकावर पाय टेकवून बसलेला, पुलाकडे बघत. त्याच्या त्या शांत बसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एक विचारते. खरं सांगा."

"विचार."

"तुम्हाला आत यायचंच नव्हतं ना? मुद्दाम घातलीत ना बोट गाळात?"

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने एक लांब श्वास सोडला.

"हो," तो म्हणाला. "मुद्दाम घातली."

तिला वाटलं होतं तो नाकारेल, हुज्जत घालेल. ती तशीच उभी राहिली आणि मग सुटली.

"लाज नाही वाटली? मी चिखलात मरमर मरतेय आणि तुम्ही बसून मजा बघताय. लेकीने कोणाकोणाचे पाय धरून ती जागा मिळवली. तिचं काय? माझं काय? उद्या तुम्हाला काही झालं तर मी एकटी काय करू ह्या पाण्यात, कोणाला हाक मारू? तुम्हाला फिरायचंय. फिरा. मला विधवा करून फिरा."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं म्हणे. एवढं सोपं?"

"नाही सोपं." त्याने डोळे मिटले. "पाय गार पडलेत गं. हे ओले मोजे काढतेस? मला वाकवत नाही."

ती रागातच खाली बसली. बूट खेचून काढला, बाजूला आपटला. उजव्या पायातला लोकरीचा मोजा ओढला तर तो येईना. कातडीला चिकटला होता. तिने तो हलक्या हाताने सोडवत आणला. घोट्यापासून बोटांपर्यंत पाय लालभडक झाला होता, आणि वर टपोरे फोड.

"हे काय?"

"काय?"

"भाजलंय."

त्याने पाहिलं. "इंजिनला लागला असेल."

इंजिन खाली होतं, आणि तो सकाळपासून खाली उतरलाच नव्हता. तिने मोजा हातात धरला. त्याला तिच्या हातांवरच्या चिखलाचा वास येत होता, आणि चिखलाखाली चहाचा. चहा तिनेच दिला होता. खांब दिसायला लागला तेव्हा शेगडीवरून उतरवून सरळ मगमध्ये ओतला, वर नेऊन त्याच्या हातात दिला आणि ती बटाटे लावायला खाली गेली. तो अख्खा मग पायावर सांडला होता. साधी सुई टोचली तरी हा माणूस सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा कळवळतो. ती खाली हाताच्या अंतरावर होती आणि तिला एक चकार शब्द ऐकू आला नव्हता.

म्हणून इंजिन पुढेच चालू राहिलं होतं. म्हणून ती आली तेव्हा तो तसा बघत होता, आत्ताच कुठूनतरी येऊन पोचल्यासारखा. म्हणून रहाट फिरत नव्हता. आणि तिने त्याला तो फिरवायला लावला होता.

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता. तिला काय कळलं आणि काय नाही, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. इतकी घाबरलेली नजर तिने त्याची कधी पाहिली नव्हती, डॉक्टरांसमोरसुद्धा नाही.

"मुद्दामच घातली मी," तो म्हणाला. "बांधून राहणं मला जमायचं नाही. तुला ठाऊक आहे."

मुद्दाम घातली असती तर किती बरं झालं असतं. जन्मभर तिने त्याला त्यावरून टोचून खाल्लं असतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "हट्टी आहात तुम्ही, पहिल्यापासून. कोणाचं ऐकलंत कधी?"

त्याच्या खांद्यावरचा ताण उतरला. "नाही ऐकलं."

"माझ्या आईचं ऐकलं नाहीत, लेकीचं नाही. मी तर कोणीच नाही." तोंड चालू ठेवून तिने त्याला खांद्याचा आधार दिला, शिडीने एकेक पायरी खाली उतरवलं, कललेल्या बाजूच्या बिछान्यावर आडवं केलं. डोक्याखालची उशी काढून घेतली. पायावर ओलं फडकं ठेवताना तिचा हात इतका हलका होता आणि जीभ इतकी कडक, की त्याला हसू आलं.

"आणखी बोल," तो म्हणाला.

"बोलणारच आहे. सुटका नाही तुमची."

बाहेर भोंगा वाजला, ह्यावेळी लांबलचक. तिने खिडकीतून पाहिलं नाही. दोन्ही पाती खाली येऊन एकमेकांना टेकल्याचा दणका पाण्यावरून आला, मग टाळ्या आल्या. काही वेळाने वेल्डिंगचा निळा उजेड मधूनमधून खिडकीत चमकायला लागला.

वायरलेस पुन्हा खरखरला. ह्यावेळी लेक होती, आणि तिचा आवाज चिडून फुटत होता.

"आई, बाबांनी मुद्दाम केलं ना हे? इथं सगळे हसतायत. ज्या खांबाची ते शिकवणी घेतात त्याच खांबापाशी रुतली बोट. मुद्दामच केलं ना?"

ती वायरलेस घेऊन शिडीपाशी गेली. तिथून तो दिसत होता आणि तिचा आवाज त्याला ऐकू जात होता.

"हो," ती मोठ्याने म्हणाली. "मुद्दामच. आत्ताच कबूल झाले. यायचंच नव्हतं म्हणे."

बिछान्यावरून हसल्याचा आवाज आला.

"मी बोलणारच नाही त्यांच्याशी," लेक म्हणाली.

"नको बोलूस."

ती दोन पायऱ्या वर गेली, आवाजाचं बटण अगदी बारीक केलं आणि वायरलेस ओठांना लावला.

"ऐक. रडायचं नाही, नुसतं ऐक. पुलाच्या कामावरची ती सपाट होडी आहे ना, गाळावरून सरकते ती. ती घेऊन ये. स्ट्रेचर आण. सुकाणूवर असताना शुद्ध गेली होती त्यांची. किती वेळ ते मला माहीत नाही. मी खाली होते."

पलीकडून नुसती खरखर आली.

"आई, त्यांना हलू देऊ नकोस."

"नाही देत."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "तूही इथं येईपर्यंत चिडलेलीच राहा."

ती खाली आली. बिछान्याच्या कडेला, भिंतीला एक पाय लावून, ती कशीबशी बसली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. ठोका लागत होता, मध्येच लागत नव्हता, पुन्हा लागत होता.

"काय म्हणाली?"

"चिडलीय. तोंड बघणार नाही म्हणाली तुमचं."

"येईल ताळ्यावर." तो खूश दिसत होता. "भरती आली की बोट आपोआप उठेल बघ. मग आपण लांबच्या बेटाच्या मागे जाऊन नांगर टाकू. तिथं वारा लागत नाही."

"कसं जायचं तिथं? मला आठवत नाही."

तिला चांगलं आठवत होतं. त्याने छातीवरचा हात उचलून हवेत वाट काढायला सुरुवात केली. आधी दीपगृह, मग उथळ पाण्याचा वळसा, मग दोन खडक दिसतात त्यांच्या मधून. सावकाश सांगत होता, मधूनच श्वासासाठी थांबत होता. ती हूं हूं करत होती आणि कान बाहेर लावून होती.

गाळावरून कसलातरी घरघराट जवळ येऊ लागला.

"मासेवाला परत आला वाटतं," तो म्हणाला. "उगाच आला. सांग त्याला, आम्हाला कुठं जायची घाई नाही."

"सांगते," ती म्हणाली. तिने मनगट सोडलं नाही. "खडकांच्या मधून गेल्यावर? पुढे?"